घोट्यावरचा जीपीएस पट्टा: परिवीक्षा कार्यालयातून एक परीक्षण

शिक्षेचा काही काळ तुरुंगाबाहेर, देखरेखीखाली काढणाऱ्या व्यक्तीच्या घोट्याला बांधायचा जीपीएस पट्टा आणि त्याची संगणक प्रणाली आम्ही दोन वर्षे वापरत आहोत. पट्टा ज्याच्या पायात असतो त्याचा अनुभव वेगळा असणार. मी लिहितो आहे तो या पट्ट्याच्या सूचना ज्याच्या फोनवर रात्री-अपरात्री येतात, त्या परिवीक्षा अधिकाऱ्याचा.

पट्ट्याच्या बांधणीत उणे काढण्यासारखे फारसे नाही. तो पाण्यात चालतो, आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशतंतूतला प्रकाश खंडित झाला की पट्टा कापल्याची सूचना येते. अशा सूचना आमच्याकडे मोजक्याच आल्या आणि बहुतेक खऱ्या निघाल्या.

अडचण जागेच्या नोंदीत आहे. उघड्या आकाशाखाली चूक काही मीटरची असते, पण उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि नकाशावरचा ठिपका भरकटतो. घरात गाढ झोपलेला एक तरुण आमच्या पडद्यावर एका रात्रीत अनेकदा रस्ता ओलांडून परत आला होता. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील न्यायाधीश जॅक लव्ह यांनी पहिल्यांदा वापरलेले रेडिओ-लहरींचे उपकरण माणूस घरात आहे की नाही एवढेच सांगत असे. परंतु प्रश्न केवळ रात्रीच्या संचारबंदीचा असेल, तर तेच जुने तंत्र मला आजही अधिक भरवशाचे वाटते.

पीडितेच्या घराभोवती प्रतिबंधित क्षेत्र आखण्याची सोय ही या प्रणालीची सर्वांत मोलाची बाजू आहे, मात्र ती आखताना थोडे गणित करावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन मिनिटाला एक किलोमीटर कापते. पट्टा दर मिनिटाला एकदा ठिकाण कळवत असेल आणि क्षेत्राची त्रिज्या ३०० मीटर ठेवली असेल, तर सूचना वाजेपर्यंत माणूस दारात उभा असू शकतो. आम्हाला पुरवठादाराने दिलेली मूळ मांडणी नेमकी अशीच होती. बाहेर दोन किलोमीटरचे पूर्वसूचनेचे कडे आखल्यावरच हाती काही मिनिटे उरू लागली. मोबाइलचे जाळे नसलेल्या भागात मात्र नोंदी पट्ट्यातच साठतात आणि मागाहून येतात, म्हणजे तिथे हे कडेही कामाचे नाही.

बॅटरीबद्दल थोडे कठोरच लिहावे लागेल. रोज सुमारे दोन तास भिंतीतल्या वायरीला पाय जोडून बसणे रात्रपाळी करणाऱ्याला जमत नाही, तो थकून झोपी जातो, आणि पहाटे येणारी सूचना बहुतेक वेळा याच कारणाची असते. पडद्यावर ती पट्टा कापल्याच्या सूचनेइतकीच लालभडक दिसते. हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण शंभर निरर्थक सूचना पाहिलेला अधिकारी एकशे एकावी उघडायला उशीर करतो. (मीही केला आहे; सुदैवाने तीही बॅटरीचीच होती.)

उपयोग होतो का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या २०१० च्या अभ्यासात अशा देखरेखीमुळे अटी मोडण्याची किंवा नवा गुन्हा घडण्याची जोखीम ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच अभ्यासात नोकरी आणि कुटुंब यांवर पट्ट्याचा वाईट परिणाम होत असल्याचेही नोंदले आहे, आणि पायातला पट्टा दिसताच मुलाखत आटोपती घेणारे मालक मीही पाहिले आहेत. म्हणून जिथे विशिष्ट व्यक्तीला धोका आहे तिथे मी हा पट्टा नि:शंकपणे सुचवीन. किरकोळ गुन्ह्यातल्या, वेळेवर हजेरी देणाऱ्या माणसाला तो बांधू नये.

करार नव्याने करताना आम्ही दोन अटी घातल्या आहेत: बॅटरीची सूचना आधी पट्टा घालणाऱ्याच्याच फोनवर जावी, आणि पट्टा कापल्याच्या सूचनेचा आवाज वेगळा असावा. पुरवठादाराने दुसरी अट लगेच मान्य केली आहे. पहिलीवर अजून बोलणी सुरू आहेत.