चूल धरावी की सातबारा? कोकणातलं कुटुंब मोजताना

जनगणना चूल धरते: एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. मोजायला सोपं. पण आई-वडील राजापुरात आणि मुलगा-सून डोंबिवलीत असतील, तर कागदावर दोन कुटुंबं होतात; गणपती मात्र मूळ घरात, एकच.

सातबारा धरला की उलटी चूक. वारसनोंदीने चढलेली चुलत्या-पुतण्यांची नावं वाटप होईपर्यंत तशीच राहतात, त्यामुळे बोलणं बंद असलेलेही ‘एकत्र’ दिसतात.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंब ओळखायला छप्पर, चूल, मिळकत, देवपूजा आणि नातं या खुणा एकत्र धरल्या. चाकरमान्यांच्या घरात त्या एका जागी क्वचितच सापडतात. म्हणून सुरुवात चुलीपासून करावी, पण पुढे विचारावंच: घरी पैसे कोण पाठवतं, कलमांना खत कोणाच्या खर्चाने पडतं, आंब्याचे पैसे कोणाच्या हातात जातात?