एफएमजीईचा अभ्यास: सोलापुरात की दिल्लीत?

रशिया, किर्गिझस्तान किंवा फिलिपिन्समधून डॉक्टरकीची पदवी घेऊन सोलापुरात परतलं, की इथे प्रॅक्टिस करण्यासाठी आधी एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते, आणि घरात पहिला विषय तिच्या अभ्यासाचाच निघतो. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली गाठून गौतम नगर या कोचिंग क्लासेसच्या भागात क्लास लावायचा, की इथेच राहून ऑनलाइन?

आधी परीक्षा काय मागते ते बघा. ३०० प्रश्न, १५० बरोबर आले की पास. निगेटिव्ह मार्किंग नाही, रँकची शर्यतही नाही. म्हणून नीट-पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या) बॅचमध्ये बसून एकेका विषयाच्या तळाशी जाणं मला इथे पटत नाही.

दिल्लीची जमेची बाजू शिकवण्यात फारशी उरलेली नाही. नावाजलेल्या शिक्षकांची लेक्चर्स ॲपवरही मिळतात. खरी जमेची बाजू आहे सोबतीत. दिवसभर वाचणारे आजूबाजूला असले की आपणही उठत नाही. शिवाय तिथे ‘निकाल कधी गं?’ विचारायला आत्या-मामा नसतात. पण फी, खोली, मेस असा खर्च चढत जातो.

सोलापुरात खर्च वाचतो आणि घरचं जेवण मिळतं. अडचण उन्हाची. जून सत्राची परीक्षा धरली तर ऐन अभ्यासाच्या दिवसांत एप्रिल-मे येतात, तेव्हा एसी अभ्यासिकेचे पैसे वाचवू नका. (दिल्लीचा मे म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे, हेही खरं.) डिसेंबर सत्राची परीक्षा सोलापूरकराला जास्त सोयीची.

पीएसएमचे (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्राचे) ३० गुण मात्र कुठेही राहिलात तरी स्वतःच कमवायचे आहेत. भारतातले राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम परदेशी विद्यापीठ कशाला शिकवेल? गावाकडे ओळखीच्या आशाताई (आशा आरोग्य सेविका) असतील तर लसीकरणाचं वेळापत्रक त्यांच्याकडून समजून घ्या, पाठांतर निम्मं होईल. फॉरेन्सिकच्या (न्यायवैद्यकाच्या) १० गुणांतल्या भारतीय कायद्याचंही तेच. मेडिसिन आणि सर्जरीला मिळून ६५ गुण. तिथे पाया कच्चा असेल तर समोर बसून शिकण्याचा उपयोग होतो.

माझं मत: वेळ लावून एक पूर्ण मॉक टेस्ट द्या. १२०च्या पुढे असाल तर घर सोडू नका, टेस्ट सिरीज लावा. शंभराच्या आत असाल आणि घरी पुस्तक उघडलंच जात नसेल तर दिल्लीला जा, पण किमान पाच-सहा महिने हाताशी ठेवून. शेवटच्या महिन्यात क्रॅश कोर्ससाठी धावणाऱ्यांचा पहिला आठवडा खोली शोधण्यातच जातो.