डेझी: बी पेरावं की जुनं रोप फोडावं?
डेझी लावायची ठरली की इथेच गाडी अडते. खर्चात फारसा फरक नाही. फोडलेलं रोप, म्हणजे जुन्या रोपाचा मुळांसकट वेगळा केलेला भाग, ओळखीत फुकटही मिळतं.

मेहनत मात्र बियांना जास्त. बी अगदी बारीक, उगवायला उजेड हवा, म्हणून मातीत गाडायचं नाही, वरच हलकं दाबायचं. पाणी फवाऱ्यानेच. मी एकदा झारीने घातलं, सगळं बी एका कोपऱ्यात वाहून गेलं! उगवायला दोनेक आठवडे, फुलं बहुधा पुढच्या हंगामात.

फोडलेल्या रोपाला मुळं तयार असतात, त्यामुळे ते लवकर फुलतं. भरगच्च पाकळ्यांची जातही हुबेहूब उतरते; बियांतून ती खात्री नाही. बहर ओसरल्यावर फोडावं.

मोठा वाफा भरायचा तर बी. मोजक्या कुंड्या, किंवा आवडता रंग जपायचा असेल, तर रोपच फोडा.