जुन्या पिकअपसाठी दुसरे इंजिन: त्याच प्रकारचे की नंतरच्या सालचे?

सांगोल्याहून डाळिंब किंवा बाजार समितीत कांदा आणणाऱ्या जुन्या पिकअपची चासी आणि हौदा अजून धड असताना इंजिनाच्या ब्लॉकला (मुख्य ओतीव सांगाड्याला) तडा गेला किंवा क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) तुटला, तर मालकापुढे दोन वाटा उरतात. त्याच प्रकारचे वापरलेले इंजिन बसवावे, किंवा नंतरच्या सालच्या गाडीचे इंजिन आणावे. ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील तर लायनर (सिलिंडरच्या आतली नळकांडी) आणि पिस्टन बदलून मूळ इंजिनच पुन्हा उभे करणे केव्हाही श्रेयस्कर आहे.

निवड करताना केवळ साल किंवा सीसी पाहू नये. बोलेरो पिकअपच्या जुन्या डीआय (यांत्रिक पंपाच्या) इंजिनाची आणि नंतरच्या कॉमन रेल (एकाच सामायिक नळीतून उच्च दाबाने सर्व सिलिंडरना डिझेल देणाऱ्या) इंजिनाची क्षमता २५२३ सीसी अशी एकच आहे; परंतु पहिल्यात डिझेल यांत्रिक पंपाने जाते, तर दुसऱ्यात ते ईसीएमच्या (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) हुकमाने जाते. सालाचा भरवसा तर सोलापुरात आणखी कमी, कारण २०१० मध्ये बीएस-४ हे वाहनांच्या प्रदूषणाचे मानक प्रथम निवडक शहरांत आले तेव्हा त्या यादीत सोलापूर होते, आणि देशभर ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. म्हणजे मधल्या काळातील एकाच सालच्या दोन गाड्या वेगवेगळ्या मानकांच्या असू शकतात.

त्याच प्रकारचे इंजिन घेतल्यास माउंटिंग, क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटरचे पाइप आणि वायरिंग सहसा जसेच्या तसे जुळते आणि गावातील कोणताही जाणता फिटर ते काम करू शकतो. उणीव एवढीच की असे इंजिन स्वतःच बरेच झिजलेले असू शकते.

कॉमन रेल इंजिन धूर कमी करते आणि डिझेल नेमके जाळते, हे खरे आहे. मात्र त्याच्यासोबत ईसीएम, संपूर्ण वायरिंग, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर असेल तर त्याचे पेडल आणि त्याच गाडीची चावी आणावी लागते. इमोबिलायझर (चोरी रोखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप) असलेले इंजिन मूळ चावीविना सुरूच होत नाही. फ्लायव्हील व क्लच प्लेट जुळतात का, ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप कुठे बसतो, हेही आधी पाहावे लागते. सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे डिझेलची टाकी: जुन्या टाकीतील गंज आणि पाणी यांत्रिक पंप काही काळ सोसतो, पण कॉमन रेलचे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) त्याने लवकर निकामी होतात, आणि तेच या इंजिनातील सर्वांत महागड्या भागांपैकी आहेत. म्हणून माझे मत असे की, अपघातग्रस्त गाडी पूर्ण हाती असेल तरच ही वाट धरावी. भंगारातून सुटे इंजिन आणून तर मुळीच धरू नये.

कागदपत्रांच्या बाबतीतही फरक आहे. दोन्ही प्रसंगी इंजिन क्रमांक बदलतो आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. परंतु प्रकार वेगळा असेल तर मंजुरी मिळणे अधिक कठीण जाते. आठ वर्षांपुढील मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी होत असल्याने ही नोंद लपून राहत नाही.

त्यामुळे पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याचे बिल व मूळ गाडीच्या आर.सी.ची प्रत घ्यावी, ब्लॉकवरील क्रमांक स्वतः वाचावा, आणि इंजिन थंड असताना सुरू करवून ऑइलचे झाकण उघडावे. तेथून धुराचा जोराचा फवारा येत असेल, तर ते इंजिन घेऊ नये.