ई४ ला उत्तर: कारो-कान की नायडॉर्फ?

बुद्धिबळाच्या स्पर्धांत पांढऱ्याने पहिल्याच चालीला राजापुढचं प्यादं ई४ या घरात टाकलं, की काळ्या मोहऱ्यांनी काय खेळावं, यावर बरेच जण अडतात. कारो-कान आणि नायडॉर्फ (सिसिलियन बचावाचा एक प्रकार) ही त्यावरची दोन उत्तरं. नायडॉर्फमध्ये पाठांतर अफाट. सहाव्या चालीला पांढऱ्याचा उंट जी५ वर आला आणि पुढची एक चाल विसरली, तर राजा मधोमध अडकून मार खातो. कारो-कानमध्ये आधी सी६, मग डी५ वर प्यादं, ही योजना कळली की बरंच निभतं. सापळे तिथेही आहेत म्हणा: डी७ वर आपला घोडा, समोर पांढऱ्याचा ई४ वर घोडा आणि ई२ वर वजीर, अशा वेळी सवयीने आपला दुसरा घोडा एफ६ वर नेला की पांढऱ्याचा घोडा डी६ वर येऊन थेट मात!

नायडॉर्फमधला पराभव बहुधा पाठांतराची चूक दाखवतो. कारो-कानमधला प्याद्यांची रचना आणि एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) कुठे कच्चा, ते.

सरावाला वेळ कमी असेल तर कारो-कान. रोजची तयारी जमते आणि बरोबरी नको, तर नायडॉर्फ.