नदीमेळाव्यासाठी विंकलर संच: काठावर कितपत भरवशाचा?

नदीवर काम करणाऱ्या मंडळींच्या मेळाव्यात वेगवेगळे गट वेगवेगळ्या टप्प्यांवरून पाणी आणतात. त्या सगळ्या नमुन्यांतला विरघळलेला ऑक्सिजन एकाच मापाने मोजायचा, तर विंकलर संच, म्हणजे रसायनं घालून पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा संच, अजूनही सर्वांत सोयीचा. मीटर झटपट आकडा देतो खरा, पण पाच मीटरांचं कॅलिब्रेशन पाच तऱ्हांचं असलं की तुलनाच होत नाही. या संचात नमुना काठावरच स्थिर करता येतो. आम्ल घातलेली बाटली अंधारात, गार जागी 8 तासांपर्यंत राहते, आणि अनुमापन (रंग जाईपर्यंत थोडं थोडं थायोसल्फेटचं द्रावण घालून किती लागलं ते मोजणं; जितकं जास्त, तितका ऑक्सिजन जास्त) मंडपात एकाच हाताने उरकतं.

बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरावी, बूचही पाण्यातच लावावं. बुडबुडा राहिला तर त्यातला ऑक्सिजन मिसळतो आणि नेमक्या घाण पाण्याचा आकडा चढतो. मग मँगनीज सल्फेट, त्यामागून अल्कली-आयोडाइड-अझाइड. बाटली उलटसुलट करून साका बसू द्यावा, परत एकदा तसंच. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळपास नाहीच. तपकिरी आला तर आम्ल घालावं. साका विरघळून आयोडीन सुटतं आणि पाणी पिवळं होतं.

संचाची खरी परीक्षा यापुढे, अनुमापनात. थायोसल्फेट घालत पाणी फिकट पिवळं झाल्यावरच स्टार्च घालावा. आधी घातला तर तो आयोडीन धरून ठेवतो आणि निळा रंग जाता जात नाही. एका थेंबाला 1 मिग्रॅ/लिटर मोजणारे संच ढोबळ आहेत, बारीक खुणांची सिरिंज असलेला घ्यावा. थायोसल्फेट जुनं झालं की कमजोर पडतं, जास्त लागतं आणि नदी आहे त्याहून निरोगी दिसते. हा सर्वांत घातक दोष, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मेळाव्याआधी भरपूर हवा खेळवलेल्या शुद्ध पाण्यावर संच तपासावा: समुद्रसपाटीला 20 अंश सेल्सिअसला 9.1, 30 अंशांना 7.6 मिग्रॅ/लिटरच्या आसपास यायला हवं.

नमुने सगळ्यांनी सूर्योदयाआधी घ्यावेत. रात्रभर शेवाळ ऑक्सिजन खातं, दुपारी तेच भरभरून सोडतं. एका गटाची पहाट आणि दुसऱ्याची दुपार शेजारी मांडली तर निष्कर्ष चुकणारच.

तीव्र गंधकाम्लापेक्षा सल्फॅमिक आम्लाची पूड असलेला संच मेळाव्याच्या गर्दीत बरा. हातमोजे आणि चष्मा हवेतच. अझाइड विषारी असतं, तेव्हा उरलेला द्रव झाकणाच्या डब्यात भरून प्रयोगशाळेकडे द्यावा, काठावर ओतू नये.