जोडीदाराचा अमेरिकी व्हिसा: मुंबईतल्या मेडिकल आणि मुलाखतीचा आढावा

जोडीदाराचा व्हिसा हा इमिग्रंट, म्हणजे अमेरिकेत कायमचं राहायला जाण्याचा व्हिसा. भारतातल्या अशा बहुतेक व्हिसांच्या मुलाखती मुंबईत, बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत होतात. मुलाखत स्वतः सोपी असते. घोळ होतो तो मेडिकलमध्ये, म्हणजे व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत.

मेडिकल फक्त वकिलातीच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच चालतं, घरच्या डॉक्टरांचा दाखला उपयोगाचा नाही. पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) चं कन्फर्मेशन पान, फोटो आणि लसींच्या नोंदी सोबत न्या. लहानपणीचं लसीचं कार्ड शोधून काढाच. नोंद नसेल तर तीच लस पैसे मोजून पुन्हा टोचून घ्यावी लागू शकते. प्रौढांना छातीचा एक्स-रे असतो, शिवाय वयानुसार रक्त आणि लघवी तपासणी. जुन्या क्षयरोगाचा डाग दिसला की थुंकीचे तीन नमुने आणि कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहणं) करावं लागतं, म्हणजे साधारण दोन महिने गेले. म्हणून मेडिकल आदल्या दिवसावर ढकलू नये. फार आधीही नको, कारण अहवाल सहसा सहाच महिने चालतो आणि व्हिसाची मुदत त्याच्याशी बांधलेली असते.

मुलाखतीला विवाह नोंदणीचा मूळ दाखला (लग्नपत्रिका नव्हे!), पीसीसी (पोलिसांचा चारित्र्य दाखला), आय-८६४ (प्रायोजक म्हणजे अर्ज करणाऱ्या अमेरिकेतल्या जोडीदाराचं आर्थिक हमीपत्र) आणि प्रायोजकाचे कर कागद लागतात. घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रत हवीच. एखादा कागद राहिला तर २२१(जी) ची, म्हणजे त्या कलमाखाली व्हिसा तूर्त नाकारल्याची चिठ्ठी हातात पडते. तो नकार कायमचा नसतो, कागद दिला की फाइल पुढे सरकते. मोबाइल आत नेता येत नाही, तो घरीच ठेवलेला बरा.